"बाबाला भेटायचंय, पण रात्री नको": कोल्हापुरातल्या एका ताबा प्रकरणाचा अभ्यास

आधीच सांगते, यात कुणाचंच नाव नाही. गल्ली, धंदा, मुलांची वयं थोडी इकडंतिकडं केलीत. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ मुळं अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असं काही छापता येत नाही, आणि कायदा नसता तरी केलं नसतं, कारण ही पोरगी अजून याच शहरात शाळेला जाते. आई, वडील, मामा, आत्या, पोरगी, पोरगा एवढीच माणसं आहेत. मी आईची वकील होते, म्हणजे माझं सांगणं एका बाजूचं आहे असं धरूनच वाचा. लिहिण्याआधी आईला विचारलंय.

पार्श्वभूमी

लग्न २०१४ चं. नवऱ्याचं उद्यमनगरात लेथचं छोटं शॉप, शिरोलीच्या फौंड्रीतनं कास्टिंग यायचं, त्यावर टर्निंग-ड्रिलिंग करून परत द्यायचं, असं जॉबवर्क. घर बावड्यात. आई घरीच शिलाईकाम करायची, पोरगी सात वर्षांची, पोरगा चार वर्षांचा. काम कमी झालं तसं पिणं वाढलं आणि पिणं वाढलं तसा हात उचलणं वाढलं, हे आपल्याकडं इतक्या घरात चालतं की सांगताना बाईला स्वतःलाच वाटत होतं यात काय एवढं सांगण्यासारखं.

जून २०२३, शाळा उघडायच्या आठवड्यात एका रात्री तो आईला मारत होता, पोरगी मध्ये पडली, त्यानं कंबरेचा पट्टा काढून तिलाही मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई दोन्ही मुलं आणि एक शिलाई मशीन घेऊन रिक्षानं मंगळवार पेठेत माहेरी. शिलाई मशीन घेतलं यावरून मला पहिल्याच दिवशी कळलं की ही परत जायच्या तयारीनं आलेली नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही मुद्दाम सविस्तर सांगते कारण पुढं सगळं यावरच अडलं. हाच माणूस दर रविवारी पोरांना रंकाळ्यावर न्यायचा, भेळ, घोडा, सगळं. शाळेची फी वेळेवर, सगळ्या पावत्या त्याच्या नावच्या. पोरीच्या वाढदिवसाला शॉपमधल्या पोरांना पण केक. कोर्टात त्यानं जे फोटो लावले ते खोटे नव्हते. मारणारा बाप चोवीस तास मारत नसतो, आणि नेमकं हेच कागदावर मांडायला फार अवघड जातं.

नेमका प्रश्न कुठं होता

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज केला. सप्टेंबरमध्ये वडिलांनी कौटुंबिक न्यायालयात दोन्ही मुलांच्या ताब्याचा अर्ज टाकला, आणि त्यातच अंतरिम अर्ज की निकाल लागेपर्यंत दर शनिवार-रविवार मुलं मुक्कामाला माझ्याकडं द्या.

पोरगा पाचच्या आतला, त्याच्याबद्दल फार काळजी नव्हती. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ च्या कलम ६ मध्येच आहे की पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडं. पोरगी सातची, तिला तो नियम नाही, तिथं कलम १३ मधलं मुलाचं हित हेच सर्वात वर, आणि पालक व पाल्य कायदा १८९० च्या कलम १७ प्रमाणं मुलाला समज असेल तर त्याचं म्हणणं पण विचारात घेता येतं. भावंडं शक्यतो एकत्र ठेवायची हा कोर्टाचा कल असतो, त्यामुळं पोरीचं जे होईल तेच पोराचं.

बरेच जण समजतात की कोर्ट आधी आरोप खरा की खोटा ते ठरवतं, मग भेटीचं बघतं. प्रत्यक्षात उलटं होतं. आरोपाचा निकाल लागायला पुरावे, उलटतपास, तारखा, वर्ष-दोन वर्षं सहज जातात, पण भेटीचा अंतरिम अर्ज काही महिन्यात ऐकावाच लागतो, म्हणजे काहीच सिद्ध झालेलं नसताना न्यायाधीशांना ठरवायचं असतं की तोवर या पोरांनी कुणाला, कुठं, किती वेळ भेटायचं. बापावर आरोप आहे म्हणून भेट पूर्ण बंद केली आणि आरोप टिकला नाही तर दोन वर्षं बाप तुटला. आरोप आहे तरी मुक्कामाला पाठवलं आणि आरोप खरा निघाला तर काय ते सांगायला नको. जी ऑर्डर निघते ती या दोन्हीच्या मधे कुठंतरी बसते, आणि ती कुठं बसणार हे बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या कागदांवर ठरतं. आमचे पहिले कागद काही फार चांगले नव्हते.

एक केस पेपर होता डिसेंबर २०२२ चा. तेव्हाही पोरीच्या दंडावर वळ उठला होता, आईनं फॅमिली डॉक्टरकडं नेलं आणि सांगितलं जिन्यावरून पडली. डॉक्टरनं तसंच लिहिलं. आता तोच कागद समोरच्या वकिलांच्या हातात. जून २०२३ च्या माराचा तर कागदच नाही, कारण आई दवाखान्यात गेलीच नाही, हळद लावली. माझ्याकडं आली तोवर दोन महिने झालेले, अंगावर काही उरलेलं नव्हतं.

काय काय करता आलं असतं

पहिल्या मिटिंगला मामा बरोबर होता. मामाचं मत ठाम, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पॉक्सो कायदा लावायचा. "मॅडम, हे असलं गुळगुळीत अर्ज करून काय हुणार न्हाई. पॉक्सो लावा. एकदा पॉक्सो लागला की भेट-बिट सगळं बंद. आमच्या वळकीत एकानं लावलाय." मी विचारलं, तसं काही झालंय का? तर म्हणाला, "आंघोळ घालत हुता की पोरीला. बाप असला म्हणून काय झालं."

मी मामाला खाली चहा सांगायला पाठवलं आणि आईला एकटीला विचारलं. पोरीनं आपणहून तुम्हाला काही सांगितलंय? पट्ट्याचं सांगितलं, बाबा रात्री ओरडतात ते सांगितलं. आणि आंघोळीचं? "ते दादानं विचारलं तिला, बाबा आंघोळ घालायचे का, ती हो म्हणाली. तेवढंच." आणि मग खाली बघून म्हणाली, "पण दादा म्हणतोय तसं केलं तर लवकर सुटेल काय हो?"

हा या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय. पॉक्सो २०१२ चं कलम १९ स्पष्ट आहे, गुन्हा झालाय असं कळलं किंवा होईल अशी भीती असली तरी कुणीही असो, कळवायलाच पाहिजे, न कळवणं हाच कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला संरक्षण पण आहे. म्हणजे खरी शंका असेल तर वकिलानं हिशोब करत बसायचं नाही. पण शंका नसताना, नवऱ्याला धडा शिकवायला म्हणून खोटी माहिती दिली तर कलम २२ मध्ये सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या पोरीला पोलिसांसमोर जबाब, वैद्यकीय तपासणी, मग विशेष न्यायालय या सगळ्यातनं जावं लागतं, न घडलेल्या गोष्टीसाठी.

पण "शंका नाही" हे तरी मी कोण ठरवणार? वकील आहे, मुलांची डॉक्टर नव्हे. म्हणून मी आईला सांगितलं की पोरीला आधी मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या, मामा बरोबर नको, आणि तिथं काय सांगायचं ते पोरीला शिकवू नका. तिथं तसं काही निघालं तर त्याच दिवशी पोलिस, दुसरा विचार नाही. तीन बैठका झाल्या. तसं काही निघालं नाही. निघालं ते वेगळंच, रात्री गल्लीत मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला की पोरगी उठून बसते. आणि तज्ज्ञांनी एक वाक्य लिहून दिलं, घरातल्या कुणीही मुलीला त्या घटनेबद्दल पुन्हा पुन्हा विचारू नये. ते वाक्य मी मामाला दोनदा वाचून दाखवलं. उशीर झाला होता, ते पुढं येईलच.

पोलिसात जाण्याचा रस्ता होता. तेव्हा भारतीय दंड संहिता होती, त्यातलं बायकोच्या छळाचं कलम ४९८अ लागलं असतं, आणि पोरीला मारल्याबद्दल बाल न्याय कायद्याचं कलम ७५, ज्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. (१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आता ४९८अ चं कलम ८५ झालंय.) आईला ते नको होतं. शॉप बंद पडलं तर पोरांचे पैसे कुठनं येणार, एवढा सरळ हिशोब तिचा. काही वकील म्हणतील दबाव आणायचा होता. मला तो तिचा निर्णय वाटला, ठीकच होता.

हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली मॅजिस्ट्रेटकडूनच तात्पुरता ताबा पण मागता येतो आणि भेट धोक्याची वाटली तर ते नाकारू शकतात. पण कौटुंबिक न्यायालयात ताब्याचा अर्ज पडलेला असताना दोन कोर्टांकडून दोन ऑर्डर घेणं म्हणजे पोरांची ओढाताण. आम्ही मॅजिस्ट्रेटकडं संरक्षण आदेश आणि खर्च एवढंच ठेवलं, संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल तिथं आला, आणि ताबा-भेट सगळं कौटुंबिक न्यायालयात लढायचं ठरवलं.

मग काय केलं

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ हा जरा वेगळा कायदा आहे. वकील हक्कानं उभा राहत नाही, कलम १३ मुळं परवानगीचा अर्ज द्यावा लागतो, तो बहुतेक वेळा मिळतो. कलम १४ मुळं इतर कोर्टात पुराव्याच्या नियमात अडकणारा कागदही न्यायाधीश बघू शकतात, वाद सोडवायला उपयोगी वाटला तर. आणि सगळ्यात आधी विवाह समुपदेशक.

आम्ही उत्तर दिलं ते साधं ठेवलं. दोन घटना, तारखेसकट. पट्टा. दारू. बाकी कुठलंही विशेषण नाही. केस पेपरबद्दल मी आईच्या प्रतिज्ञापत्रात सरळ लिहिलं की तेव्हा मीच डॉक्टरांना खोटं सांगितलं होतं, नवऱ्याच्या भीतीनं. यावर माझे सीनियर नाराज झाले, म्हणाले स्वतःच्याच अशिलाला खोटं बोलणारी म्हणून घेतलंस. मला अजूनही वाटतं ते बरोबर केलं, कारण तो कागद येणारच होता, आपण आधी सांगितला तर त्याला कारण असतं, समोरच्यानं काढला तर फक्त खोटेपणा उरतो. गंमत म्हणजे हीच अक्कल मी दुसऱ्या ठिकाणी वापरली नाही.

आणखी एक कागद होता, तो आईला आठवतही नव्हता. डिसेंबर २०२२ मध्येच शाळेच्या बाईंनी व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं, "हिच्या दंडाला काय लागलंय? विचारलं तर रडते, सांगत नाही." आईनं त्यावर हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं होतं, बस. भांडण कोर्टात जायच्या आठ महिने आधीचा, तिसऱ्या माणसाचा, मागितल्याशिवाय आलेला मेसेज. तो इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागतं त्या प्रमाणपत्रासह लावला.

चूक कुठं झाली तर भेटीत. सप्टेंबर ते डिसेंबर आईच्या घरच्यांनी वडिलांना एकदाही पोरांना भेटू दिलं नाही. मी "नको द्या" असं म्हटलं नव्हतं, पण "द्या" असंही जोर लावून म्हटलं नाही. दिवाळीला तो फटाके आणि कपडे घेऊन दारात आला, मामानं परत पाठवलं. समोरच्या वकिलांनी ते छान मांडलं, बापाला तोडायचं चाललंय. मीच पहिल्या तारखेला पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन म्हणायला हवं होतं की कोर्टाच्या आवारात, समुपदेशकांसमोर भेट द्यायला आमची हरकत नाही. सुरक्षित भेट आपणहून पुढं केली की "तोडतायत" हा मुद्दा तिथंच मरतो.

जानेवारी २०२४ मध्ये अंतरिम ऑर्डर झाली. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी दोन तास, कोर्टाच्या आवारात, समुपदेशकांच्या देखरेखीखाली (दुसऱ्या-चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी). मुक्काम नाही. आठवड्यातनं दोनदा व्हिडिओ कॉल. पोरांना आणायला-सोडायला मामा नको, आई किंवा आजी.

पहिल्या भेटीला पोरगी दारातनं पळत जाऊन बाबाच्या गळ्यात पडली. मला तो क्षण अजून डोळ्यासमोर आहे, कारण आईचा चेहरा एकदम उतरला आणि वडिलांचे वकील माझ्याकडं बघून हसले. बाहेर मामा म्हणाला, आता कोण इश्वास ठेवणार मॅडम? खरं सांगायचं तर मला पण धक्का बसला होता. समुपदेशक मॅडमनी नंतर मला कॉरिडॉरमध्ये एकच सांगितलं, मार खाणारं पोर बापावर माया करत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? धावत गेली यावरून घाबरत नाही हेही ठरत नाही आणि घाबरते हेही नाही. मी इतकी वर्षं या कामात आहे आणि हे मला दुसऱ्यानं सांगावं लागलं.

व्हिडिओ

मार्च २०२४ ला समोरच्यांनी पेनड्राइव्ह दिला. त्यात मामानं काढलेला अकरा मिनिटांचा व्हिडिओ. मला तो माहीत होता. पहिल्या मिटिंगच्या आधीच मामानं काढलेला, मला दाखवला होता, मी बघून सांगितलं होतं की हा लावायचा नाही आणि कुणाला पाठवायचा नाही. तो आधीच घरच्या ग्रुपवर गेला होता, तिथनं कुठल्यातरी पाहुण्यानं पुढं ढकलला.

व्हिडिओत मामा पोरीला मांडीवर घेऊन विचारतोय. पट्ट्यानं मारलं ना? हो. अजून काय करतात बाबा? काही नाही. सांग की, घाबरायचं न्हाई, मामा हाय. काही नाही. असं मी मोजलं, सात वेळा काही नाही, आठव्याला पोरीनं नुसती मान हलवली, त्यानंतर मामा जे विचारेल त्याला हो. शेवटी तिला चॉकलेट.

समोरच्यांनी अर्ज केला की मुलांचे कान भरले जातायत, ताबा ताबडतोब वडिलांकडं द्या. आधारासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग, ज्यात एका पालकानं मुलाला दुसऱ्याविरुद्ध फिरवण्याची चर्चा आहे. आणि युक्तिवाद साधा पण जबरी, बाकीचं शिकवलंय तर पट्टा पण शिकवलेलाच.

मामानं जे वाढवायला घेतलं त्यानं जे खरं होतं ते पण संशयात टाकलं. आम्ही तो व्हिडिओ लावला नव्हता, पॉक्सोचा एक शब्द आमच्या उत्तरात नव्हता, तरी उत्तर द्यावं लागलं. मीच तो सुरुवातीला रेकॉर्डवर आणून म्हणायला पाहिजे होतं की घरातल्या एकानं असं केलं, चुकीचं केलं, आम्ही त्यावर काही मागत नाही, तज्ज्ञांनी परत विचारू नका असं सांगितलंय आणि आम्ही ते पाळतोय. केस पेपरच्या बाबतीत हेच केलं होतं. इथं मला वाटलं कुणाला कळणार. वकिलानं असं वाटून घेऊ नये, कोल्हापुरात तर नाहीच, इथं दोन पाहुणे सोडले की तिसरा समोरच्याचा असतो.

काय वाचवलं? वडिलांनी स्वतःच. कौटुंबिक न्यायालयात त्यांनी प्रतिज्ञेवर लिहिलं होतं की मुलीला कधीही हात लावलेला नाही. मॅजिस्ट्रेटसमोरच्या केसमध्ये दुसरे वकील होते, तिथल्या म्हणण्यात लिहिलं होतं, "शिस्तीसाठी क्वचित किरकोळ मारले असेल." आम्ही त्या म्हणण्याची नक्कल काढली आणि इथं लावली. दोन कोर्टात दोन उत्तरं. आणि त्याला त्यात काही विसंगत वाटतच नव्हतं, समुपदेशकांसमोर तो म्हणालेला, "बाप मारत न्हाई काय? माझ्या बानं मला साखळीनं मारलंय." मला त्या वाक्यावर राग आला नाही, नुसतं वाईट वाटलं.

पुरावा फौजदारीसारखा संशयातीत लागत नाही हे इथं कामाला आलं. दास्ताने खटल्यात, तो पुण्यातनं सुरू झालेला, सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्येच सांगितलंय की वैवाहिक वादात शक्यतांचं पारडं कुठं झुकतं ते बघायचं. बाईंचा मेसेज, वडिलांचंच म्हणणं, तज्ज्ञांचं टिपण, एका बाजूला. व्हिडिओ दुसऱ्या बाजूला.

मे २०२४ मध्ये नेमका कर्नल रमनीश पाल सिंग यांचा निकाल आला होता, त्यात सर्वोच्च न्यायालय म्हणतं की पालकानं मुलाला फिरवलं हा शिक्का घाईनं मारू नका, नेमकी कुठली वागणूक तशी आहे ते दाखवा. त्या केसमध्ये मुलं बापाकडं होती आणि शिक्का बापावर मारायचा प्रयत्न होता. मी तो मुद्दाम दिला, म्हणजे हा बायकांच्या बाजूचा निकाल आहे असं कुणी म्हणू नये.

चेंबर

जून २०२४ ला न्यायाधीशांनी दोन्ही मुलांना चेंबरमध्ये बोलावलं. आई-वडील बाहेर, आम्ही वकील बाहेर. पंचवीसेक मिनिटं. आत काय झालं ते मला फक्त ऑर्डरमधनं माहीत आहे. पोरगा बाबाच्या मशीनबद्दल बोलला. पोरगी म्हणाली, मला बाबाला भेटायचंय, पण रात्री तिथं झोपायचं नाही. का विचारल्यावर, रात्री बाबा वेगळे असतात.

शिकवलेलं पोर असं बोलत नाही. शिकवलेलं असतं तर भेटायचंच नाही म्हणाली असती.

ऑर्डरमध्ये न्यायाधीशांनी व्हिडिओवर कडक ताशेरे मारले आणि आईच्या बाजूला तंबी दिली की पुन्हा मुलांना असं विचारलेलं आढळलं तर ताब्याचा फेरविचार होईल. ताबा बदलायचा अर्ज फेटाळला. पण आम्हाला हवी होती तशी भेट गोठवून ठेवली नाही, उलट वाढवली. दिवसा, बागेत, आत्याच्या हजेरीत चार तास. रात्र नाही. वडिलांनी दारूसाठी उपचार घ्यायचे आणि दर दोन महिन्यांनी त्याचा कागद द्यायचा. आत्याचं नाव आमच्याकडनंच गेलं होतं, हे सांगायला पाहिजे. आई म्हणाली होती, त्या घरात एकटी आत्याच त्याला दम देऊ शकते. मामाला ते अजिबात पटलं नव्हतं, त्यांचं माणूस आपण का सुचवायचं. मला वाटतं अख्ख्या केसमध्ये आईनं घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

वडिलांकडचे म्हणत होते हायकोर्टात जाऊ. अंतरिम आदेशावर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ खाली अपील होत नाही, रिट याचिका करावी लागते, आणि तेव्हा त्यासाठी मुंबई गाठायची. ते राहिलं. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच सुरू झालंय, आज ही केस असती तर ते नक्की गेले असते, आणि आम्हीही कदाचित.

शेवटी काय ठरलं

आरोप सिद्ध झाला असा निकाल या प्रकरणात कधी लागलाच नाही. नोव्हेंबर २०२५ ला संमतीची पुरशिस झाली. ताबा आईकडं. पहिल्या, तिसऱ्या आणि असला तर पाचव्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा वडिलांकडं, गणपतीत एक दिवस, दिवाळीचे दोन दिवस, दिवसाच. मुक्काम पोरगी स्वतः म्हणेल तेव्हा, आणि ती बारा वर्षांची झाल्यावर परत बघायचं. मुलांवर हात उचलायचा नाही, मुलांना त्या घटनांबद्दल विचारायचं नाही, ही अट दोन्ही घरांना. न्यायला आत्या येणार, तिला वाटलं भाऊ प्यालाय तर ती त्या दिवशी नेणार नाही आणि तसं आईला कळवेल. दोन्ही मुलांचा मिळून दरमहा खर्च ठरला. मारल्याचं कुठं कबूल केलेलं नाही. आईला ते लागलं. तिनं मला विचारलं, म्हणजे त्यानं मारलं हे कुठंच लिहिलं नाही? मी म्हटलं, रात्र नाही असं लिहिलंय ते का लिहिलंय हे सगळ्यांना माहीत आहे. तिचं समाधान झालं नाही, आणि व्हायला पाहिजे असंही मी म्हणणार नाही. लढत राहिलो असतो तर कदाचित लिहून मिळालं असतं, अजून दोन वर्षांनी, आणि पोरगी परत एकदा चेंबरमध्ये.

ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. उपचाराचे कागद त्यानं पहिले सहा महिने दिले, मग एकदा चुकवला, मग परत दिले. आम्ही त्या एका चुकीवर अर्ज केला नाही. बरोबर केलं का ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

डिसेंबरमध्ये एका रविवारी फी घ्यायला म्हणून त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा आत्या अॅक्टिव्हावर आली. पोरगा आधीच पुढं उभा, खिशात बाबाच्या शॉपमधला एक मोठा नट, तो परत द्यायला. पोरगी चप्पल घालता घालता थांबली. "आत्या, सहाला परत ना?"

"पावणेसहालाच आणते, बस."

मामा गॅलरीत उभा होता, काही बोलला नाही.